पाहुण्याचं गरम टोक

आमच्या घरात ऊब हा विषय कधी संपलाच नाही. लोकांच्या घरी जेवायला बसलं की भाजीत मीठ कमी की जास्त यावर बोलणं निघतं. आमच्याकडे दिवा खाली घ्यायचा की वर, पडदा सोडायचा की गुंडाळायचा, यावर निघायचं. नवापूरला कोंबड्यांच्या शेडमध्ये आमचा सगळा संसार झाला. हॅचरीतून पिल्लांची खोकी यायची, पिवळा कापूस भरल्यासारखी, आणि पहिला आठवडा सगळा खेळ उबेचाच. ऊब बरोबर असली तर पिल्लाची कोंबडी होते, चुकली तर सकाळी मेलेली पिल्लं टोपलीत उचलून न्यावी लागतात. बाकी माझं शिक्षण खाद्याच्या गोण्यांवर झालं. गोणीवरची अक्षरं लावत लावत वाचायला शिकले आणि मग लिहायचीही हौस लागली. बोलते तसंच लिहिते, तेव्हा मध्येच दुसरीकडे वळले तर वाचणाऱ्यानं जरा दम धरावा, मी परत येते.

आता गुडघे ऐकत नाहीत म्हणून शेड दुसऱ्याच्या हातात दिली. घरात मी आणि आबा. आबा म्हणजे माझे यजमान. मुलं, सुना, नातवंडं सगळी त्यांना आबा म्हणतात, तर मीही आता तेच म्हणते. बाहेरच्या खोलीत जिथे टीव्ही होता तिथे एक काचेची पेटी आहे, चांगली माणूसभर लांब. तिच्यात दगड, एक वाकडं लाकूड, आणि लाकडावर आमचा पाहुणा.

पाहुणा म्हणजे सरडा. साधा कुंपणावरचा नव्हे, परदेशातल्या वाळवंटातला. हातभर लांब, वाळलेल्या मातीच्या रंगाचा, अंगाला कडेनं काटे, आणि गळ्याखाली फुगवली की दाढी दिसावी अशी कातडी. काटे बघून घाबरू नये, बोटाला ते वाळल्या गवतासारखे लागतात. शेजारीण पहिल्या दिवशी दारातूनच परत गेली, म्हणे घोरपड पाळली, आता फॉरेस्टवाले येतील. तिला सांगावं लागलं की ही घोरपड नाही, याचे कागदपत्र रीतसर केलेले आहेत, आणि हा आमच्या नातीचा आहे. घोरपडीपेक्षा ‘नातीचा आहे’ हे ऐकून तिला जास्त नवल वाटलं.

नात म्हणजे माझ्या मुलाची मुलगी. सुरतला कापडाच्या कारखान्यात साड्यांची डिझाइनं काढते. कॉलेजात असताना तिच्या मैत्रिणीनं हा पाळला होता. मैत्रीण परदेशी गेली आणि हा नातीकडे आला. पण सुरतला ज्यांच्या खोलीत ती भाड्यानं राहते त्या बाईंनी एक दिवस तो पाहिला आणि सांगितलं, या घरात एक तर तू राहशील, नाही तर हा. तर दसऱ्याच्या आसपास ती त्याला वेताच्या टोपलीत घालून, वरून ओढणी बांधून, रेल्वेनं आमच्याकडे घेऊन आली. शेजारच्या बाकावरची बाई सारखी विचारत होती की टोपलीत फराळाचं काय आहे.

येताना ती एक बोलणं करून आली होती. थंडी नीट काढली तर पाहुणा आमच्याकडे. नाही काढली तर सुरतला तिच्या ओळखीच्या एक बाई आहेत, त्यांच्याकडे असल्या प्राण्यांची एक खोलीच आहे, सगळी यंत्रं लावलेली. त्या त्याला कायमचा घेतील. ‘कायमचा’ म्हणताना तिनं टोपलीकडे पाहिलं नाही.

आता मी खरं तेच सांगते. त्याआधी नात दिवाळीला यायची आणि होळीला यायची. नोकरी करणारी पोर, तिचा काय दोष. पण पाहुणा आला तेव्हापासून एकाआड एक शनिवारी दुपारच्या गाडीनं ती यायला लागली. पेटी धुवायची, नखं बघायची, वजन करायचं. तिची बॅग दारात टेकली की आबा उगाच उठून नळ बंद आहे का बघून येत, तिच्याशी पहिल्यांदा काय बोलायचं ते त्यांना सुचत नसे म्हणून. तेव्हा सरडा राहिला तर माझे शनिवार राहणार होते आणि सरडा गेला तर शनिवारही त्याच टोपलीतून जाणार होते. हे मी कोणाला बोलले नाही, पण त्या थंडीत मी जे काही केलं ते यासाठी केलं.

आला त्या दिवशी मी त्याच्यापुढे वाटीत गुळाचं पाणी ठेवलं. आमच्याकडे खोक्यातून आलेल्या पिल्लांना पहिलं तेच देतात, प्रवासाचा शीण जातो. नातीनं हसत वाटी उचलली. याला गूळ नको, म्हणाली. याला पाला, लाल भोपळ्याचा कीस, डब्यात पाळलेल्या अळ्या, आणि जास्वंदीचं फूल. जास्वंद आमच्या अंगणातच. लाल फूल समोर धरलं की पाहुणा आधी एका डोळ्यानं बघायचा, मग मान फिरवून दुसऱ्या डोळ्यानं बघायचा, आणि मग अशी झडप घालायचा की देठ माझ्या बोटात राहायचा. आबा म्हणाले, देवाच्या आधी याची पूजा व्हायला लागली.

दिवाळीपर्यंत काही अडचण नव्हती. मग पहाटे गार पडायला लागलं. आमच्या बाजूला उन्हाळ्याचं सगळे बोलतात, पण डोंगर जवळ असल्यामुळे थंडीही हाडांत शिरते. आणि सरड्याच्या अंगात स्वतःची ऊब नसते, हे मला नातीनं समजावलं. आपण जेवलो की आतून गरम होतो. याला आधी बाहेरून गरम व्हावं लागतं, तेव्हा कुठे याचं जेवण पचतं. म्हणून पेटीच्या एका टोकाला दगडावर दिवा, आणि तो दिवा किती तापावा हे बघणारा थर्मोस्टॅट.

थर्मोस्टॅट म्हटल्यावर आबा खुर्चीतून उठले. गोदामात जुन्या ब्रूडरचा एक होता. ब्रूडर म्हणजे पिल्लांना ऊब देणारी छत्री, तिच्याखाली पिल्लं आईच्या पंखाखाली बसावीत तशी बसतात. त्या जुन्या थर्मोस्टॅटात पितळेची एक चपटी डबी असते. ऊब वाढली की डबी फुगते, बटण दाबलं जातं, दिवा बंद; गार झालं की डबी बसते, दिवा चालू. आबांनी ती चिंचेनं घासून चकचकीत केली, वायरी जोडल्या, आणि नात आली त्या शनिवारी तिला खोलीत बोलावून दिवा लावून दाखवला.

दिवा लागला, थोड्या वेळानं विझला, परत लागला, परत विझला. डबी अगदी इमानदारीत काम करत होती. पण प्रत्येक वेळी विझला की पाहुणा दचकून डोळे मिटायचा, लागला की परत मिटायचा. नात पेटीपुढे वाकून त्याच्या डोळ्यांकडे बघत राहिली. मग आबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली,

“आबा, अंड्याले डोया नही ऱ्हातस. याले शेतस.”

म्हणजे अंड्याला डोळे नसतात, याला आहेत. असली डबी अंडी उबवायच्या मशीनलाही असते, म्हणून ती तसं म्हणाली. सुरतला राहूनही पोर आमच्याशी अहिराणीतच बोलते, तेवढ्यानं माझं निम्मं मन भरतं. आबांनी दिव्याकडे पाहिलं, सरड्याकडे पाहिलं, आणि त्यांनाही ते पटलं. पिल्लांच्या छत्रीत दिवा असा सारखा विझत नसे, ती मोठी होती, सावकाश तापायची. हा दिवा केवढासा, चटकन तापणारा.

मग मी आणि नात बाजारात गेलो. कोंबड्यांचं सामान विकणारं एक जुनं दुकान आहे, दुकानदाराच्या आजोबांनी राजस्थानातून येऊन मांडलेलं. आमचं सगळं आयुष्य त्याच्याकडून खाद्याची भांडी आणि पाण्याचे ड्रिंकर घेण्यात गेलं, तर तो मला पाहून लगेच गादीवरून खाली उतरला. अंडी उबवायच्या मशीनला लावतात ते आकडे दाखवणारे थर्मोस्टॅट त्यानं काउंटरवर मांडले.

“माँजी, किती अंड्यांचं मशीन आहे?”

“अंडं एकही नाही.”

“मग पिल्लं किती?”

“एक.”

त्यानं हातातला थर्मोस्टॅट खाली ठेवला. मी म्हटलं, “पिल्लू नाही शेठ, सरडा आहे.”

“विकायला?”

“बसायला.”

दुकानात एक गिऱ्हाईक होतं ते मागे वळून हसायला लागलं. पण दुकानदार धंद्याचा माणूस, त्याला सरडा काय आणि शहामृग काय. त्यानं नीट विचारलं, ऊब कशाची देणार, दिव्याची की नुसत्या हीटरची. नातीनं सांगितलं, दिवसा दिवा, आणि रात्री चिनी मातीचा बल्ब, जो उजेड देत नाही, नुसता तापतो. तेव्हा तो म्हणाला, मग रात्रीच्यासाठी माझा हा घ्या. हा चालू-बंद करतो, पण तुमचा मातीचा बल्ब अंधारात काही लुकलुकणार नाही. दिवसाच्या दिव्याला मात्र हा नका लावू, दिवाही लवकर जाईल. त्याला उजेड कमी-जास्त करणारा लागतो, आणि तो माझ्याकडे नाही, सुरतला मिळेल.

मला ते फार आवडलं. आपल्याकडे नाही ती वस्तू दुसऱ्या गावी मिळेल म्हणून सांगणारे दुकानदार हल्ली कुठे आहेत. रात्रीचा आम्ही त्याच्याकडूनच घेतला.

दिवसाचा नातीनं सुरतहून आणायचा ठरवला. त्यात पुन्हा दोन प्रकार निघाले. एक फोनला जोडलेला: ती सुरतला बसून बघणार, पेटी किती गरम आहे, आणि तिथूनच कमी-जास्त करणार. दुसरा साधा, गोल बटणाचा. बटण फिरवलं की दिवा मंद किंवा प्रखर, आणि मग सेन्सरची वायर सांगेल तसा आपला आपण सांभाळतो, विझत नाही. फोनवर दोन्हींचे फोटो दाखवून तिनं विचारलं, मोठी माय, तुला काय वाटतं. मोठी माय म्हणजे आमच्याकडे आजी.

मला काय वाटणार. फोनवाल्याचा फोटो बघून माझ्या मनात एवढंच आलं की तिला तिथूनच सगळं दिसलं तर ती इथे कशाला येईल. पण असं कसं म्हणायचं. मी म्हटलं, आमच्याकडे लाइट जाते, नेट जातं, हाताचं बटणच बरं. खोटं नव्हतं ते, जातेच लाइट.

तर पुढच्या खेपेला ती गोल बटणाचा घेऊन आली. सेन्सरची वायर गरम टोकाला दगडाजवळ पक्की बांधली, निसटू नये म्हणून. का तर वायर निसटून बाहेर पडली तर यंत्राला वाटतं गारच आहे, आणि ते दिवा तापवतच बसतं. हे आबांना सांगावं लागलं नाही, ते आम्ही शेडमध्ये भोगलेलं. मग बंदुकीसारखं एक ऊब मोजायचं यंत्र असतं तिच्याकडे, त्यानं दगडावर नेम धरून धरून तिनं बटण जागेवर आणलं. दगड चाळिसाच्या आसपास, दुसरं टोक मात्र गार. दिवस आम्ही बघायचा, संध्याकाळी दिवसाचा दिवा बंद करून रात्रीचा चालू. सगळं समजावून, ती बंदूक बॅगेत टाकून, ती रविवारी गेली.

सोमवारी सकाळी मी जास्वंद घेऊन गेले तर पाहुणा दगडावर पसरला होता आणि त्याचं तोंड उघडं.

आता कोंबडी पाळलेल्या माणसाला विचारा उघडी चोच म्हणजे काय. मे महिन्यात शेडमध्ये दुपारी पत्रा तापतो, कोंबड्या पंख सोडून चोची उघडून धापा टाकायला लागतात, आणि तेव्हा तुम्ही पाणी मारायला, पंखे लावायला धावला नाहीत तर संध्याकाळी शेडमध्ये सगळं शांत झालेलं असतं. चोच उघडी दिसली की आमचा हात आधी उठतो, डोकं मागून येतं. मी बटण जरासं मागे फिरवलं. एवढंसं. पाहुण्यानं तोंड मिटलं. मला बरं वाटलं.

यात सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलं नाही. भाजी करपायला लागली की गॅस कमी करतो, ते कोणी फोन करून कळवतं का. दुसऱ्या दिवशी परत तोंड उघडं, परत जरासं मागे. मग तोंड उघडायचं बंदच झालं. मी म्हटलं चला, आता याला मानवलं.

पण जास्वंद तो बघेना. एका डोळ्यानं बघून डोळा मिटायचा. अळी पुढ्यातून चालत गेली तरी मान हलेना. रंग काळवंडला, पोट सुकलं. दगडावर नुसता चिकटून पडलेला. मी पेटीला तिन्ही बाजूंनी गोणपाट लावलं, शेडला पडदे सोडायचो तसं. आबा दिवसातून दहादा येऊन बघून जात. शेवटी फोनवर नातीला दाखवला. ती म्हणाली, फोन अजून त्याच्याजवळ ने. मग म्हणाली शनिवारी येते, आणि त्या बाईंना सांगून ठेवते.

कोणत्या बाईंना ते मला विचारावं लागलं नाही.

शनिवारी ती आली ती टोपली घेऊनच. बॅग टेकवली आणि पाहुण्याला हातावर घेतलं तर तो गार, ओल्या मातीसारखा. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आम्हाला काही बोलली नाही. उलट आमचीच समजूत घालायला लागली, की तुमची काही चूक नाही, इथली थंडीच त्याला सोसत नसेल, किंवा यंत्र खराब निघालं असेल. तिथे त्यांच्याकडे सगळं आहे, तो बरा होईल. मी टोपलीत अंथरायला माझं जुनं मऊ लुगडं काढून दिलं. आबा नळ बघायला गेले.

तिनं दिवा काढायला हात घातला. बटणाकडे तिची नजर गेली. ती वाकली. परत नीट बघितलं. मग उभी राहून तिनं विचारलं,

“हे कोन्ही फिरायं?”

“मी,” मी म्हटलं.

“मी,” आबा दारातून म्हणाले.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“तू बी?” आबा मला म्हणाले.

“आणि तुम्ही कधी?”

तर ते दुपारी. मी सकाळी फूल द्यायला जायची तेव्हा फिरवायची, आणि हे दुपारी मी आडवी झाले की पाहुण्यापाशी खुर्ची टाकून बसायचे आणि फिरवायचे. तेही जरासंच. दोघांचं जरासं जरासं मिळून बटण पार खाली आलं होतं, दिवा नुसता देवघरातल्यासारखा. आणि एकमेकांना न सांगायचं कारणही एकच: यात सांगायचं काय.

“पण काबरं?” नात म्हणाली. का म्हणून.

आबा घसा साफ करून सांगायला लागले, “त्यान्हं तोंड उघडं व्हतं, माय. तपी गयथा तो. मन्हा जलम पोल्ट्रीमा गया, उघडं तोंड माले नही समजाव का?”

तो तापला होता, आणि सगळा जन्म पोल्ट्रीत गेला तर उघडं तोंड आपल्याला समजणार नाही का, असं त्यांचं म्हणणं. आणि मग ती पोर हसायला लागली. रडत होती तीच हसायला लागली, सरडा छातीशी धरून खाली फरशीवर बसली आणि हसत राहिली. मला आधी वाटलं हिला काय झालं. आबांना जरा रागही आला. मग तिनं डोळे पुसून सांगितलं. याचं तोंड उघडं म्हणजे धाप नव्हे. पोटभर ऊन मिळालं, अंग हवं तेवढं तापलं, की हा दगडावर तोंड उघडून बसतो. जास्तीची ऊब तोंडावाटे सोडतो, पण जागचा हलत नाही, कारण त्याला तिथेच बरं वाटत असतं. सुखाचं तोंड आहे ते. तुम्ही दोघं रोज त्याचं सुख झालं की दिवा कमी करत होता.

मी म्हटलं, मग जास्त झालं तर कसं कळणार. कोंबडीची चोच, याचं तोंड, काहीतरी बघायला पाहिजे ना.

तेव्हा ती म्हणाली, “तोंड नको दखू, मोठी माय. तो कोठे बठना, ते दख.”

तोंड नको बघू, तो कुठे बसलाय ते बघ. दिव्याचं टोक जास्त तापलं तर तो आपला उठून गार टोकाला जाईल. गार झाला की परत येईल. त्याला ऊब जेवढी लागते तेवढाच गारवाही लागतो, दोन्ही टोकं असली की तो आपलं आपण ठरवतो.

हे ऐकून आबांनी कपाळावर हात मारला, कारण हे तर आम्हाला येत होतं. ब्रूडरखाली पिल्लांचं हेच बघायचं असतं. पिल्लं दिव्याखाली एकमेकांवर चढली तर गार आहे, लांब कडेला पळाली तर तापलंय, सगळीकडे सारखी पसरून टोचत फिरली तर बरोबर. शेडमध्ये नव्या बाया कामाला यायच्या तेव्हा त्यांना मी पहिलं हेच शिकवायची, की पिल्लू कुठे आहे ते बघ. उघडी चोच ही मोठ्या कोंबड्यांची, उन्हाळ्यातली गोष्ट. आम्ही थंडीत पेटीपुढे बसून मे महिना बघत होतो.

पहिलं काम मी गोणपाट काढलं. मी ते गार टोकालाही लावलं होतं, म्हणजे त्याला पळायला जागाच ठेवली नव्हती. नातीनं बंदूक काढली, बटण पुन्हा जागेवर आणलं. पाहुण्याला दगडावर ठेवला. तो काही लगेच उठला नाही. त्या दिवशी सगळी दुपार आम्ही तिघं खोलीत बसून होतो, टोपली दाराशी तशीच, लुगडं अंथरलेली. नातीनं त्या बाईंना फोन केला नाही आणि केला नाही हेही बोलली नाही. चहा झाला. सूर्य खिडकीतून सरकला. पाहुण्याचा काळेपणा आधी डोक्यावरून गेला, मग पाठीवरून, वाळत्या फरशीवरून ओल जावी तसा.

रविवारी सकाळी तो दगडावर बसला आणि त्यानं तोंड उघडलं.

काय सांगू, माझा हात उठलाच. आबांचाही उठला. नात म्हणाली, “हात खाली.” आम्ही दोघांनी हात खाली घेतले, शाळेत बसल्यासारखे. नंतर मी जास्वंद पुढे धरलं. त्यानं एका डोळ्यानं बघितलं, मान फिरवून दुसऱ्या डोळ्यानं बघितलं. देठ माझ्या बोटात राहिला.

आबा उठून नळ बघायला गेले.

जायच्या आधी ती मोबाइल घेऊन माझ्याजवळ बसली. म्हणाली, मोठी माय, तो फोनवाला अजून मिळतो. त्याला कुलूपही लागतं, मग इथे कोणी फिरवू शकत नाही. मी म्हटलं, घे. या वेळी मनापासून म्हटलं. तो जगला पाहिजे, शनिवारचं काय ते माझं मी बघेन. ती थोडा वेळ त्या फोटोकडे बघत राहिली. मग फोन बाजूला ठेवला, बॅगेतून नखांना लावायचा लाल रंग काढला, आणि बटण जिथे होतं तिथे थर्मोस्टॅटवर एक बारीक रेघ ओढली.

“या रेघेच्या खाली कोणी न्यायचं नाही. वर न्यायचं तर मला विचारायचं,” ती म्हणाली. हे मात्र शुद्ध मराठीत, साहेबासारखं.

“आणि उन्हाळ्यात?” आबांनी विचारलं.

“उन्हाळ्यात मी येऊन नवी रेघ मारीन.”

टोपली तिनं आमच्याकडेच ठेवली. आता तिच्यात कांदे असतात.

हे लिहितेय तेव्हा जानेवारी चालू आहे. बाहेर लोक शेकोट्या करून बसलेत. पाहुण्याचं अंग भरलंय, शेपटीच्या मुळाशी चांगला गुबगुबीत झालाय. शेजारीण आता आत येते, आणि जाताना त्याला ‘येते रे’ म्हणते. रेघ जागच्या जागी आहे. पाहुणा दगडावर तोंड उघडून बसला की मी हात मांडीखाली घालून बसते आणि त्याच्याकडे बघते. बघता बघता मलाही त्याचं उघडं तोंड आता सुखाचं वाटायला लागलंय. जेवण झाल्यावर माणसं ढेकर देतात, तसं काहीतरी.

नात रोज संध्याकाळी कामावरून सुटली की फोन करते. पूर्वी विचारायची, कसं आहे, जेवलात का. आता पहिला प्रश्न ठरलेला.

“कोठे बठेल शे?”

कुठे बसलाय. मी मान वळवून बघते. पेटीत पाहुणा दगडावर, दिव्याखाली. पेटीच्या बाहेर, त्याच बाजूला, काचेला खुर्ची टेकवून आबा, शाल पांघरून, पेपर मांडीवर, काचेतून येणारी ऊब पाठीला घेत. दुपारपासून तिथून हलले नाहीत.

मी सांगते, गरम टोकाला. दोघं बी.